नारवेलकरांचं आवतण

शलोम हसाजी नारवेलकर दापोलीच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. मंडणगड, केळशी, वेळास, बुरोंडी या गाड्या कोणत्या फलाटाला लागणार ते माइकवरून सांगत. गाडीची वेळ काय आहे तेही सांगत. गाडी त्या वेळेला सुटेल असं मात्र त्यांच्या तोंडून कधी कोणी ऐकलं नाही. शनिवारची ड्यूटी दुसऱ्याला द्यायची आणि त्या बदल्यात त्याची दिवाळीची ड्यूटी आपण करायची, असा त्यांचा आयुष्यभराचा व्यवहार होता. त्यामुळे स्टँडवर ते सगळ्यांना हवेसे होते आणि ते नेमके कोण, हे विचारायची गरज कोणाला पडली नाही.

ते बेने इस्राएल होते, म्हणजे कोकणातले यहुदी. त्यांच्या गावात, नारवेलात, त्यांना शनवार तेली म्हणत, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. घरातला घाणा त्यांच्या आजोबांच्या वेळीच बंद पडला होता आणि शलोमकाका तेल वाण्याकडून आणत. पण गावाने एकदा माणसाला जागा नेमून दिली की ती बदलण्यासाठी गाव बैठक बोलवत नाही. एके काळी नारवेलात या लोकांची एक अख्खी आळी होती. ती आधी मुंबईला गेली, मग बोटीने आणि पुढे विमानाने इस्राएलला गेली. काकांचे थोरले भाऊ दानियेल हे त्यातले शेवटचे. काका राहिले. का राहिलात असं विचारलं की ते म्हणत, "कोणीतरी निरोप द्यायला स्टँडवर राहावं लागतं."

बायको रेबेका जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. शेजारच्या सोनूबाई सकाळी भाकरी टाकताना दोन जास्त टाकत आणि त्याबद्दल काकांना रोज चार शब्द ऐकवत. काकांना गुडघे सोडले तर कसलं दुखणं नव्हतं, आणि काळजी एकच होती.

गावाच्या वर सड्यावर, कातळाच्या माळावर, त्यांच्या लोकांची कबरस्तानाची जागा आहे. जांभ्याचे न घडवलेले चिरे, त्यांवर अक्षर नाही. वडील हसाजी तिथे आहेत, रेबेका आहे, आणि दोघांच्या मधे काकांनी स्वतःसाठी जागा धरून ठेवली होती, गाडीत रुमाल टाकून धरतात तशी. जागा होती, पण तिथवर पोचवणारा नव्हता. पहिली माती मुलाने द्यायची, मुलगा नसेल तर बापाच्या घरातल्या जवळच्या पुरुषाने. नंतरची प्रार्थनाही त्यानेच म्हणायची आणि तिला दहा यहुदी पुरुष उभे लागतात. दहांचं काय ते ठाण्याची मंडळी बघतील, असं काका धरून चालले होते. पण घरातला माणूस ठाण्याहून येणार नव्हता. तो होता दिमोना नावाच्या गावात, इस्राएलच्या वाळवंटात. दानियेलचा मुलगा, हेझी. आजोबांचंच नाव त्याला ठेवलेलं. हसाजी काय आणि हेझी काय, दोन्ही यहेज्केलचीच रूपं. काकांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

आता हे दोन भाऊ एकमेकांशी बोलत का नव्हते, ते सांगायला हवं.

नारवेलात आवतण द्यायची रीत आहे, आणि ती सगळ्या जातींना सारखीच लागू आहे. घरचं माणूस स्वतः जातं, दारात चपला काढतं, उंबऱ्यावर नारळ आणि चिमूटभर तांदूळ ठेवतं आणि उभ्या उभ्या सांगतं: अमुक दिवशी कार्य आहे, घरातल्या सगळ्यांनी यायचं. मग आत बोलावलं तर बसतं. नारळ घरच्याने उचलून आत नेला की आवतण पोचलं. पत्रिका छापतात, पण ती कपाटाच्या आरशाला खोचण्यासाठी. हेझीचं लग्न ठरलं तेव्हा दानियेलनी पत्रिका टपालाने पाठवली. चांगली जाड, सोनेरी, उजवीकडून डावीकडे वाचायची. काकांनी ती आरशाला खोचली आणि आवतणाची वाट बघत बसले. लग्न होऊन गेलं.

"अहो, चार हजार किलोमीटरवरून नारळ घेऊन यायचं का त्यांनी?" पोस्टमास्तरांनी तेव्हा विचारलं होतं.

"जाताना वाट सापडली होती ना?" काका म्हणाले.

पुढे काकांच्या निवृत्तीला घरात मलिदा झाला. पोहे, गूळ, खोबरं, फळं मांडून एलियाहू नबीचं नाव घेतात तो विधी. काकांनी मुद्दाम एक साधं पोस्टकार्ड दानियेलना टाकलं. त्यांचंही उत्तर आलं नाही. हट्टाच्या बाबतीत वाळवंटाने थोरल्या भावात काही फरक पाडला नव्हता. मग एक दिवस ठाण्याहून कोणाचा तरी फोन आला, बोलता बोलता तो माणूस म्हणाला की दिमोनाचे दानियेल गेले, झाले दोन महिने. काकांनी फोन ठेवला, शर्टाचा गळा थोडा फाडला आणि जमिनीवर बसले. सोनूबाईंनी विचारलं तर म्हणाले, "थोरला गेला. मयताला आवतण नसतं, कळलं की निघायचं असतं. मला कळलं तेव्हा निघायची वेळ उलटून गेली होती."

ही झाली मागची हकीकत.

दोन-तीन वर्षांपूर्वी इस्राएलला म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायला इथून मुलं-मुली जाऊ लागली. मुंबईतला कोणी एजंट त्यांना केअरगिव्हरचा कोर्स करायला लावी आणि थोडी हिब्रू शिकून या म्हणून सांगे. दापोलीची राही नर्सिंग करून घरी बसली होती. हिब्रू कुठे मिळेल याची चौकशी करत ती नारवेलात पोचली आणि काकांच्या पडवीत वर्ग सुरू झाला. मग विनीत आला, मंडणगडकडची पोरं आली, सोनूबाईंचा सदू तर दारातच होता. पुढे वर्ग असा वाढला की काकांनी स्टँडवरून मोडीत निघालेलं एक लाकडी बाकडं आणवलं.

अडचण एवढीच होती की काकांची हिब्रू प्रार्थनेची होती. बापाने पाठ करून घेतलेली, काही हजार वर्षं जुनी, आणि तिच्यात मुख्यतः कोण कोणाचा मुलगा याचीच चर्चा. बाप, घर, वंश, टोळी, वारसाची जमीन, याला तिच्यात हवे तेवढे शब्द. डायपरला एकही नाही.

"माणूस सुटा नसतो," काका माइकच्या आवाजात सांगत. "आधी शेवेत. शेवेत म्हणजे काठी. एका काठीमागची सगळी माणसं, आपण जमात म्हणू. तिच्या आत मिश्पाहा, म्हणजे भावकी. भावकीच्या आत बेत-आव, बापाचं घर. आणि त्याच्या आत माणूस. कोणी गुन्हा केला आणि चोर सापडत नसला तर त्या काळी चिठ्ठ्या टाकायचे. आधी कुठली काठी, मग कुठली भावकी, मग कुठलं घर, मग माणूस."

"म्हणजे माणूस सगळ्यात शेवटी?" राहीने विचारलं.

"एसटीत पण तेच. आधी विभाग, मग आगार, मग गाडी. प्रवासी शेवटी."

"काका, ह्या सगला ठीक हाय," सदू म्हणाला. "पन म्हाताऱ्याला संडासला न्यायचा असला तर काय बोलायचा?"

"हात धर आणि ने. त्याला बोलावं लागत नाही."

"आणि त्याने विचारलं, तू कोण, तर?" विनीतने विचारलं.

"हां, हे विचारलंस. मग नाव सांगायचं, बापाचं नाव सांगायचं, बेत-आव सांगायचं."

"माजा बेत-आव काय?" सदू म्हणाला.

"तुझा बाप मुंबईला गिरणीत गेला तो आलाच नाही. तू आईचं नाव सांग. चालतं."

ओसरीवरून सोनूबाईंचा आवाज आला, "माजा नाव कशाला सांगतो परदेशात? गप ऱ्हा."

राहीने शेवटी मोबाइलवर एक अ‍ॅप घेतलं आणि संडास, औषध, रक्तदाब, पगार हे शब्द स्वतःच शिकून पोरांना शिकवले. अ‍ॅपमधली बाई मिश्पाखा म्हणे. काका मिश्पाहा म्हणत आणि बाईला मुंबईची हवा लागली आहे असं सांगत. पोरं दोन्ही लिहून घेत. पण काकांचा वर्ग कोणी चुकवला नाही. त्याचं कारण विचारलं तर विनीत म्हणाला, "तिथे काय उपयोग आहे माहीत नाही, पण इथे आमच्याशी एवढा वेळ दुसरं कोण बोलतं?"

उपयोगही झाला म्हणायचा. विनीत हैफाला एका म्हाताऱ्याकडे लागला आणि पहिल्याच दिवशी त्याने काकांच्या पद्धतीने विचारलं, तुमचं बेत-आव कोणतं? म्हातारा खो खो हसला. मग त्याने भिंतीवरचा मुलांचा फोटो दाखवला. त्याचं बेत-आव कॅनडात होतं.

एके दिवशी फळ्यावर गोएल हा शब्द आला. काकांनी त्या शब्दापाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

"गोएल म्हणजे सगळ्यात जवळचा नातलग. घरातल्याची जमीन हातची गेली तर ती सोडवून आणायची कोणी? गोएलने. घरातला कोणी गुलाम म्हणून विकला गेला, त्याला कोणी सोडवायचं? गोएलने. कोणी मारला गेला, तर त्या रक्ताची दाद कोणी मागायची? त्यानेच. तो नाही म्हणू शकतो. पण चारचौघांत म्हणावं लागतं."

"आमची भावकी जमीन सोडवून आणत नाय," सदू म्हणाला. "गेलेली जमीन भावकीकडेच असते."

"म्हणून तुमच्याकडे हा शब्द नाही," काका म्हणाले, आणि वर्ग हसला. काका हसले नाहीत. वर्ग सुटल्यावर त्यांनी सदूला थांबवलं. सदूचा व्हिसा आला होता आणि त्याला बीरशेबाला काम मिळालं होतं. तिथून दिमोना जवळ, म्हणजे दापोलीहून खेड जेवढं तेवढंच.

"तू माझं आवतण घेऊन जायचंस," काका म्हणाले.

सदूला वाटलं काका थट्टा करतायत. "मी कसा जानार? मी नारवेलकर हाय का?"

काकांनी याचा विचार करून ठेवला होता. बहुधा कित्येक रात्री. "ऐक. बेत-आव म्हणजे नुसते मुलगे-नातू नव्हेत. त्यात बायका येतात, सुना येतात, गडीमाणूस येतं, आणि गेरसुद्धा येतो. गेर म्हणजे बाहेरचा, पण आपल्या दाराशी राहणारा, आपल्या अन्नावर वाढलेला. त्यालाही घराच्या सणाला बसवायचं असं लिहिलेलं आहे. तू लहानपणी या पडवीत किती दुपारी जेवलास?"

"जेवलो."

"आमच्या दारफाळणीच्या सणाला दिवसभर दार लावून आम्ही आत उपाशी बसायचो, तेव्हा बाहेर पायरीवर बसून लोकांना 'आज हाक मारू नका' असं कोण सांगायचं?"

"मी."

"मग तू या घराचा. नियमात बसतोस."

सोनूबाईंना हे पटलं नाही. "काका, बामनाच्या घरचा आवतान आमी कदी नेला नाय, नि आमचा त्यांनी नेला नाय. लोक काय म्हनतील तिथं?"

"तिथे कोण नारवेलचं आहे बोलायला?" काका म्हणाले. "त्यांची भाषा माझ्या बाजूने आहे."

कार्य काय, तेही काकांनी ठरवलं होतं. पुन्हा मलिदा घालायचा. हेझीने यावं, वडिलांच्या घरात जेवावं, सड्यावर जाऊन आजोबांचा चिरा बघावा, आणि मधली जागा कुठली ते बघून ठेवावं. एकदा पाहिली की पुढच्या वेळी कोणाला विचारावं लागणार नाही. सदूला त्यांनी हिब्रूतली चार वाक्यं पाठ करून दिली आणि परसातल्या माडाचा एक नारळ दिला. तो त्याने बॅगेत स्वेटरमधे गुंडाळून नेला.

मधे तिकडे लढाई पेटली, विमानं बंद झाली, सदूचं जाणंच लांबलं. तो पोचला त्यानंतरही दिमोनाला जायला बरेच दिवस गेले, कारण त्याला सुट्टी मिळे ती शनिवारी आणि शनिवारी तिथे बस चालत नाही. हे ऐकून काकांना बरं वाटलं. अख्खी एसटी शनिवारी बंद ठेवणारा देश आहे याचा त्यांना अभिमान होता. निरोप अडला याचं नंतर वाईट वाटलं. शेवटी सदूला एका मंगळवारी रजा मिळाली.

दिमोनात काय झालं ते सदूने नंतर सांगितलं. चार मजली इमारत, तिसरा मजला, दाराच्या चौकटीवर काकांच्या घरी आहे तशीच मझुझाची नळी, आत पवित्र वचनाचा कागद ठेवलेली. सदूने चपला काढल्या, उंबऱ्यावर नारळ ठेवला, तांदूळ ठेवले आणि घंटा वाजवली. पन्नाशीचा, बनियन घातलेला, टक्कल पडलेला माणूस बाहेर आला. सदू म्हणतो, काकांचंच तोंड, फक्त जाड. सदूने पाठ केलेली वाक्यं म्हणून टाकली. मी शलोमच्या घरून आलो आहे. शलोम हसाजीचा मुलगा, हसाजी तुझ्या बापाचा बाप. तू त्याच्या घराचा गोएल. घर तुला बोलावतं आहे.

माणसाने सगळं ऐकून घेतलं. मग मराठीत म्हणाला, "तू कोण?"

"सदू."

"सदू कोण? नारवेलकर?"

"नाय. शेजारी."

हेझीने नारळाकडे पाहिलं. "आमच्या पप्पांनी सांगून ठेवलंय. शलोमकाकाचं आवतण आलं तर जायचं. काही झालं तरी जायचं. पण घरच्या माणसाने दारात येऊन दिलं तर. शेजाऱ्याच्या हाती आवतण पाठवतात, ते काय परसातलं दोडकं आहे?"

"काका बोलले, मी पन बेत-आवमधे येतो. गेर म्हनून."

"मेल्या, ते पोथीत. नारवेलात कधीपासून?" हेझी म्हणाला. तो नारवेलात एकदाही आलेला नव्हता. "आणि पप्पा गेले तेव्हा? मयताला कोण आवतण देतं? आला का तो?"

मग हेझीने सदूला आत बोलावलं, नारळाच्या रसातली माशाची आमटी आणि भात वाढला, पोटभर जेवेपर्यंत उठू दिलं नाही, मुलीची ओळख करून दिली. मुलीला मराठी येत नव्हतं. निघताना हेझी बसपर्यंत सोडायला आला. नारळ मात्र त्याने उचलला नाही. उंबऱ्यावरचा नारळ आणि तांदळाचे दाणेसुद्धा सदूला परत गोळा करावे लागले.

त्या संध्याकाळी सदूने व्हिडिओ कॉल केला. पडवीत राही होती, तिचा व्हिसा अजून यायचा होता. तिने मोबाइल काकांसमोर धरला.

"काय म्हणाला?"

"नारल घेतला नाय, काका. बोलला, घरचा मानूस येयाला हवा होता."

काका मोबाइलकडे वाकले.

"मराठीत म्हणाला?"

"मराठीत. मना मेल्या पन बोलला."

"दोडकं-बिडकं काही म्हणाला?"

"तुमाला कसा म्हाईत?"

"दान्या असंच म्हणायचा," काका म्हणाले. त्यांचा चेहरा काही वेळ उजळला होता, असं राही सांगते. "बरोबर आहे त्याचं. मीही परत पाठवला असता. घरचाच आहे, यात शंका नाही."

मग ते उठले आणि फळा पुसायला लागले. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

वाळवंटात जन्मलेला पुतण्या हिब्रू मुलखात वाढला होता आणि न्याय नारवेलच्या रीतीने करत होता. नारवेलात जन्मलेला चुलता मराठी बोलत होता आणि आधार हिब्रूचा घेत होता. दोघांपैकी एकाने जरी आपल्या गावचा कायदा धरला असता तरी काम झालं असतं.

स्वतः जाण्याचा विचार काकांनी केला नाही असं नाही. गुडघ्यांचे डॉक्टर म्हणाले, विमानात बसवू, पण तिसरा मजला कोण चढणार? हेझीला खाली बोलावता येईल असं राहीने सुचवलं. काका म्हणाले, "रस्त्यावर आवतण देतात का?" त्यानंतर तो विषय संपला. वर्ग चालू राहिला, पण काका आता शब्द भराभर सांगत आणि अर्थ मुलांनाच विचारत. गोएल हा शब्द त्यांनी पुन्हा फळ्यावर लिहिला नाही.

सोनूबाईंना एकदा म्हणाले, "आता एकच कार्य उरलंय, ज्याला आवतण लागत नाही."

"गप बसा. भाकरी खावा."

"खातोच आहे. घाई नाही."

आषाढात, पाऊस लागून राहिलेला असताना, काका दुपारी बाकड्यावर आडवे झाले ते उठले नाहीत. त्यांच्यात मयत ठेवत नाहीत, लगेच पुरतात. ठाण्याला फोन गेले. घाटात दरड, महामार्गावर पाणी. जे निघाले त्यांतले चारजण दुसऱ्या दिवशी पोचले, त्यांतला एक प्रार्थना सांगणारा होता. गावकऱ्यांनी सड्यावर खड्डा खणला. जांभा असल्यामुळे खणायला त्रास आणि पाणी उपसायला त्याहून. व्हिसाची वाट बघणारी वर्गातली पोरं सगळी आली होती. बाजूला भिजत उभी होती. प्रार्थना सांगणाऱ्याने पुस्तक उघडून माणसं मोजली. डझनावारी पुरुष उभे होते, त्यांतल्या निम्म्यांना ती अक्षरं वाचता येत होती. तो चारापाशी थांबला आणि त्याने पुस्तक मिटलं. पहिली माती द्यायला घरचं कोणी नव्हतं. शेवटी खणणाऱ्यांनीच फावडी उचलली.

सदूने हेझीला फोन केला नाही. रजा मागून तो दिमोनाला गेला, तीन मजले चढला आणि दारात उभं राहून सांगितलं. हेझी चौकटीला धरून उभा राहिला. मग त्याने एवढंच विचारलं, "तो नारळ आहे का?"

नारळ सदूच्या खोलीत होता. परत आलेला नारळ फोडू नये म्हणून त्याने ठेवून दिला होता. तो त्याने हेझीला आणून दिला.

पावसाळा संपला, भातं कापून झाली, मधे परत बंद पडलेली विमानं सुरू झाली आणि हेझी आला. खेडहून एसटीने आला. नारवेल फाट्याला उतरला आणि कोणाला न विचारता चुकीच्या पाणंदीने चढू लागला. वडिलांनी सांगितलेली वाट तीच होती, पण ती मधे कोणीतरी कुंपण घालून बंद केली होती. सोनूबाईंनी त्याला लांबून पाहिलं आणि त्यांच्या हातातलं सूप खाली पडलं, इतका तो काकांसारखा चालत होता.

त्या त्याला सड्यावर घेऊन गेल्या. मधली जागा आता दाखवावी लागली नाही, माती अजून बसायची होती. त्याने मूठभर माती टाकली. प्रार्थनेचं पुस्तक खिशात होतं. ती एकट्याने म्हणायची प्रार्थना नव्हे, म्हणून त्याने ती म्हटली नाही. रीतीप्रमाणे आजोबांच्या चिऱ्यावर एक खडा ठेवला, काकांच्या मातीवर एक ठेवला आणि खाली आला.

घराला कुलूप होतं. सोनूबाईंनी कमरेची किल्ली काढली.

"आत कोण आहे?" हेझीने विचारलं.

"आत कोन असनार? कोन नाय."

"मग मला या कोण म्हणणार?"

"मी म्हनते. या. घर तुमचाच हाय."

"तुम्ही शेजारी," तो म्हणाला. उद्धटपणे नाही. त्याने चौकटीवरच्या मझुझाला बोटं लावून ती ओठांना लावली आणि पडवीच्या पायरीवर बसला, बाकड्यावर नाही. सोनूबाईंनी चहा दिला. तो चहा त्याने घेतला.

गाडीची वेळ झाली तेव्हा तो उठला. पिशवीतून काकांचा तोच नारळ काढला. पाणी केव्हाच आटलं होतं, आत सुकलेला गोटा गडगडत होता. त्याने चपला काढल्या, कुलूपबंद दाराच्या उंबऱ्यावर नारळ ठेवला, शेजारी तांदळाची चिमूट ठेवली आणि सरळ उभा राहिला.

"फेब्रुवारीत मुलीचं लग्न आहे," तो दाराला म्हणाला. "घरातल्या सगळ्यांनी यायचं."

जरा थांबला. आतून कोणी बसा म्हणालं नाही. मग चपला घालून तो फाट्याकडे गेला. गाडी उशिरा आली, असं म्हणतात. तो उभाच होता.

संध्याकाळी कावळ्यांनी तांदूळ टिपले. नारळाचं काय करायचं ते सोनूबाईंना कळेना. आवतणाचा नारळ घरच्यानेच उचलून आत न्यायचा असतो, आणि त्या शेजारी. त्यांनी पायरी झाडली, नारळाच्या कडेकडेने.

तो अजून तिथेच आहे.